विधवेचा हिरवा धागा

निळा २४

पेटीला बांधलेली तांबडी दोरी शाबूत होती, काच शाबूत होती, आणि आतला कापडाचा तुकडा गेला होता.

गिरणीमालक गॅव्हिन शीलनं पोलिसांना फोन केला नाही. त्यानं विल्मा ओलिव्हरला केला.

"मावशी, लगेच गिरणीत या. आणि वाटेत कुणाला बोलू नका."

"कर्कबर्नमध्ये? अरे, मी कोटाची बटणं लावेपर्यंत खाटकाला कळलेलं असेल."

विल्मा एकोणसत्तर वर्षांची. शील गिरणीच्या रफूखात्यात तिनं पंचेचाळीस वर्षं काढली होती. मागावरून उतरलेल्या ठाणात तुटका धागा हुडकायचा आणि सुईनं असा भरायचा की भरलेला कुणाला कळू नये, हे तिचं काम. जिला हजारो धाग्यांत एक चुकलेला दिसतो तिला गावात एक चोर दिसेलच, असा गॅव्हिनचा साधा हिशोब होता.

ती पूल ओलांडून आली. एके काळी या पुलावर उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागे, एवढा ऐंशी मागांचा आवाज. आता आठ माग उरले होते आणि पुलावरून नदीसुद्धा ऐकू येत होती.

दर्शनी खोलीत रिकाम्या पेटीशेजारी गॅव्हिन उभा होता आणि खुर्चीत फिनेला टुलॉक बसली होती. फिनेला एडिंबराची. नव्या टार्टनला, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या लोकरी कापडाला, जुना इतिहास शिवून देणं हा तिचा धंदा. डोळे रडून लाल.

"गुरुवारी टार्टन नोंदणीची तपासनीस बाई येणार आहे," गॅव्हिन म्हणाला. "तुकडा बघून तिनं कागद दिला तर कॅनडाची मागणी पक्की. तुकडाच नसेल तर मागणी नाही. आणि मागणी नसेल तर मावशी, या नाताळापर्यंत उरलेले आठही माग भंगारात."

भिंतीवर फिनेलानं छापून घेतलेला फलक होता. विल्मानं चष्मा लावून तो वाचला.

*'कर्कबर्न विधवा' टार्टन. सन १७४६. कलॉडनच्या रणात पती गमावलेल्या एका विणकरणीनं काळ्या पट्ट्यात एकच हिरवा धागा घातला. आशेचा धागा. पुढे टार्टनवर बंदी आली, तेव्हा तिनं हा तुकडा प्रार्थनेच्या पुस्तकाबरोबर लपवून ठेवला...*

खाली मोजणी. निळा चोवीस, काळा वीस, हिरवा सोळा, पांढरा चार. पांढऱ्यापाशी पोचलं की वळायचं आणि त्याच वाटेनं उलटं परत यायचं, की चौकडी पुरी. प्रत्येक काळ्या पट्ट्याच्या पोटात तो एकुलता हिरवा.

"कलॉडनच्या वेळी आपल्या या खालच्या मुलखात कुणी टार्टन नेसत नव्हतं," विल्मा म्हणाली. "आपले लोक राखाडी नेसायचे. तेसुद्धा असलं तर."

"कॅनडात हे कुणाला माहीत नाही," फिनेला नाक पुसत म्हणाली.

विल्मानं दोरीवरून बोट फिरवलं. सवयीनं. ठाणावरून फिरवावं तसं. मागच्या बाजूला, पेटीच्या कडेखाली, बोट अडलं. जवाच्या दाण्याएवढी गाठ.

चोरानं दोरी कापली होती. आणि जाताना पुन्हा जोडून गेला होता.

काळा २०

ती विणकराची गाठ होती. चपटी, घट्ट, मागाच्या फणीतून न अडकता निघून जाईल अशी. दोन्ही शेपटं अगदी गाठीलगत छाटलेली.

"असली गाठ आता कोण मारतं?" गॅव्हिननं विचारलं. "आमच्या पोरांकडे त्याला हातयंत्र आहे."

"म्हणूनच विचारते. गावात ही हातानं मारणारे तिघं उरले. एक मी." विल्मानं पिशवीतून लोकरीचे दोन धागे काढले आणि त्याच्या हातात दिले. "एक तू."

"मी? मी हिशोबनीस आहे, मावशी!"

"सात वर्षांचा असताना तुझ्या आजोबांनी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तुला मागावर बसवलं होतं. रडून रडून गिरणी डोक्यावर घेतली होतीस. टॅब्लेटची, त्या दूधसाखरेच्या मिठाईची, वडी तोंडात कोंबून मीच तुला गप्प करत होते. बांध."

गॅव्हिननं धागे घेतले. नजर खिडकीबाहेर होती. आणि त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, ती गाठ मारली.

तो स्वतःच चकित होऊन बघत राहिला. फिनेला खुर्चीतून उठली.

"गॅव्हिन! तू?"

"मी कशाला माझंच कापड चोरू? आणि तपासनीस बाईला बोलावलंय कुणी? मीच ना?"

विल्मानं गाठ उजेडात धरली. बरोबर होती, पण दोन्ही शेपटं बोटबोट लांब लोंबत होती. आजोबांनी त्या उन्हाळ्यात याच शेपटांपायी त्याचा कान पिळला होता. कान लाल झाला, शेपटं तशीच राहिली.

"बस खाली," ती फिनेलाला म्हणाली. "चोराला शेपटं नव्हती."

उरला तिसरा. वॅट डलग्लीश. शहात्तर वर्षांचा, आयुष्यभर सहा नंबरच्या मागावर उभा राहिलेला. आजही रोज अकराला गिरणीत चहाला येणारा आणि फलकापाशी थांबून रोज तेच म्हणणारा: "थोतांड! आशेचा धागा म्हणे! गुरुवारी त्या बाईनं याचं भरीत करावं."

पण मग वॅट तो तुकडा का नेईल? तपासणीत सगळं उघडं पडावं, ही सगळ्यात जास्त इच्छा त्याचीच होती.

हिरवा १६

"खरं सांग," विल्मा फिनेलाला म्हणाली. दोघी आता रफूखात्यात बसल्या होत्या, उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीशी. उतरती टेबलं तशीच होती. विल्माच्या टेबलाची डावी कड तिच्या कोपरानं झिजून गुळगुळीत झाली होती. "तुकडा कुठे सापडला?"

"सांगितलं की. माळ्यावरच्या डब्यात."

"डब्यात आणखी काय होतं?"

"प्रार्थनेचं पुस्तक. त्यावर सन होतं, सतराशे सेहेचाळीस. दोन्ही वस्तू एकाच डब्यात होत्या, विल्माबाई."

"माझ्या डब्यात आईची अंगठी आहे आणि बसचा पासही आहे. म्हणून आई बसनं लग्नाला गेली होती काय?"

फिनेलानं रुमालाची घडी केली. मग हळूच म्हणाली, "मी खोटं नाही बोलले. फक्त दोन वस्तूंमध्ये एक गाठ मारली."

"आणि विधवा?"

"ती त्या हिरव्या धाग्यामुळे सुचली. माझा विश्वास बसला तिच्यावर. खरंच. एवढ्या काळ्यात एकच हिरवा. कुणीतरी मुद्दाम घातला असणार ना? काहीतरी मनात असल्याशिवाय कुणी असं करेल?"

विल्माला तिची दया आली. पोर भोळी होती. भोळेपणाचे पैसे घेत होती एवढंच.

"फोटो आहे तुकड्याचा?"

फिनेलानं संगणकावर काढला. दोन तळहातांएवढा तुकडा, धागा न् धागा दिसेल इतका मोठा करून. विल्मानं वरून आपलं मोजणीचं भिंगही लावलं. डावीकडून निघाली. निळा चोवीस. काळा वीस. हिरवा सोळा, पांढरा चार, वळण, हिरवा सोळा. मग दुसरा काळा. दहा काळे, एक हिरवा, नऊ काळे.

ती थांबली. परत मागे गेली.

पहिला काळा पट्टा अख्खा काळा होता. वीसच्या वीस.

"तुमच्या नव्या कापडात दोन्ही काळ्यांत हिरवा आहे."

"संगणकानं नीट करून दिलं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात ना?"

"आणि आडव्या धाग्यांतही घातलाय. इथे फक्त उभ्यात आहे. आडव्यात नाही." विल्माचा आवाज खाली गेला. "टार्टनमध्ये जे उभ्यात तेच आडव्यात. जे जाताना तेच येताना. हा धागा कुणी आखलेला नाही, पोरी. हा तुटलेल्या धाग्याच्या जागी सुईनं भरलेला आहे. रफू आहे ही. मागच्या बाजूचा फोटो दाखव."

पांढरा ४

मागच्या बाजूला नव्या धाग्याची दोन टोकं दिसत होती. सुई उजव्या हातात असेल तर ती टोकं उजवीकडे झुकतात.

ही डावीकडे झुकली होती.

शील गिरणीच्या रफूखात्यात आजवर एकच डावखुरी बाई बसली होती.

विल्मानं भिंग खाली ठेवलं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

हिरवा १६

ती माळ्यावर एकटीच गेली. नमुन्यांच्या वह्या तिथे वर्षावार लावलेल्या होत्या. प्रत्येक पानावर चिकटवलेला कापडाचा तुकडा, खाली मोजणी, आखणाऱ्याची सही. कुठली वही काढायची हे तिला शोधावं लागलं नाही. असली चूक ती एकाच हिवाळ्यात करू शकली असती.

एकोणीसशे त्रेसष्टचा जानेवारी. विल्मा अठरा वर्षांची. नदी गोठली होती, पोरं तिच्यावरून सायकली हाकत होती. रस्ते बंद, वीज दर तासाला जायची, आणि रफूखात्यातल्या बारा जणी रॉकेलच्या दिव्यावर ठाणं तपासत होत्या. हातमोज्यांची बोटं कापून. कुणीतरी गायची, बाकीच्या नाकातून साथ द्यायच्या. त्या गाण्याचे शब्द आता आठवत नव्हते, पण त्यात उकळत्या सुपाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. घरी आई छातीच्या दुखण्यानं अंथरुणावर. शेगडीत कोळसा पडायचा तो विल्माच्या पगारातून.

रॉकेलच्या दिव्यात काळा आणि बाटलीच्या रंगाचा हिरवा, दोन्ही सारखेच काळे दिसतात. रफूखात्यात आलेल्या नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: गडद रंग दिव्यावर भरू नये, उजाडेपर्यंत थांबावं. त्या आठवड्यात कुणी थांबत नव्हतं.

तिनं वही उघडली. तेरा जानेवारी. पंधरा जानेवारी. मधलं पान पात्यानं सरळ कापून नेलं होतं. कापाची कड दुधासारखी पांढरी, ताजी.

तुकड्याचं खरं वय माहीत असणारा माणूसच या वहीकडे आला असता. फिनेलाला ते सतराशे सेहेचाळीस वाटत होतं. गॅव्हिनला वह्या कुठे आहेत हेही ठाऊक नव्हतं.

आणि पानावर सही कुणाची असणार? त्रेसष्ट साली वॅट डलग्लीश मागावर नव्हता. वरच्या मजल्यावर आखणीच्या खोलीत होता, कानावर पेन्सिल, गिरणीतला सगळ्यात तरुण आखणारा. त्याच वसंतात तो खाली आला आणि सहा नंबरच्या मागावर उभा राहिला. का, ते कुणी सांगितलं नाही. वरच्यांशी बिनसलं, म्हणत.

विल्मा माळ्याच्या पायरीवर बसली. आता कोडं उलटं झालं होतं. तुकडा दोन गोष्टी सिद्ध करत होता. एक, विधवा कधीच नव्हती. ती उघड व्हायला वॅटला हवीच होती. मग त्यानं लपवली ती दुसरी: रफू कुणाच्या हाताची ते.

काळा १०

वॅटनं दार उघडलं तेव्हा किटली आधीच शेगडीवर होती आणि टेबलावर दोन कप होते.

"उशीर केलास," तो म्हणाला. "मला वाटलं होतं दुपारीच येशील. म्हातारी झालीस."

"गाठ मारली नसतीस तर आलेच नसते. चोरी करून दोरी जोडून जाणारा चोर उभ्या स्कॉटलंडमध्ये तू एकटाच."

"तुटलेलं टोक लोंबत होतं गं. बघवेना." त्यानं बॅनॉक पावाचा जाड काप लोणी लावून तिच्यापुढे सरकवला. त्यातले मनुके बोटानं आपल्या बाजूचे तिच्या बाजूला लोटले. हे तो पन्नास वर्षं करत होता. "खा."

"ते कापड तुझं आहे, वॅट. तू आखलंस. तुझं नाव हवं त्या फलकावर, आणि तू ते चोरून घरात लपवतोस? गुरुवारी सगळ्या जगाला कळलं असतं."

"कळलं असतं, म्हणूनच."

"काय कळलं असतं?"

"चहा निवतोय."

"वॅट. त्या वसंतात तू खाली का आलास?"

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर टेकडीवर मेंढ्या उतरत होत्या. इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. शिव्या तर त्याला तयार सापडत.

हिरवा १

"चूक तुझी होती, पोरी."

काळा ९

"थोरल्या शीलनं तो नमुना लंडनच्या गिऱ्हाइकापुढे टाकला," वॅट सांगू लागला. "दिवसाच्या उजेडात. गिऱ्हाईक हसला. म्हणाला, काळ्यात हे हिरवं काय? तुमचे लोक रंगांधळे आहेत का? शीलचं तोंड बीटासारखं झालं. त्यानं विचारलं, कुणाचं काम? रफूखात्यात गेला असता तर त्याला दोन मिनिटं लागली असती. डावखुरी तू एकटीच."

"मग?"

"मग मी म्हटलं, माझं. मी आखलाय तसाच. मुद्दाम."

विल्मानं कप खाली ठेवला.

"तुझी आई अंथरुणाला होती," वॅट म्हणाला. "तुला हाकललं असतं. मला नुसतं खाली पाठवलं. दोन जिने तर होते."

"दोन जिने! तू पुन्हा आयुष्यात एक चौकडी आखली नाहीस!"

"आखल्या की. घरी. वर्तमानपत्राच्या कडेला."

"पन्नास वर्षं तू माझ्यासमोर चहा पितोस आणि..."

"सांगून काय झालं असतं? तू प्रत्येक ठाण दहा वेळा तपासलं असतंस. सुईची भीती बसली असती. एवढा चांगला हात गेला असता वाया." त्यानं खांदे उडवले. "आणि मग ही एडिंबराची पोर आली. तुझी चूक भिंतीवर टांगली, वर विधवा बसवली. मी रोज जाऊन शिव्या द्यायचो. पण तपासनीस येणार म्हटल्यावर घाबरलो. ती विचारणार, रफू कुणाचं? सगळे तुझ्याकडे बोट दाखवणार. आणि तू मोजायला बसलीस की सगळं मोजणार, हे मला माहीत होतं."

तो उठला आणि भांड्यांच्या कपाटातून पान आणि तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. पानावर त्याची पंचवीस वर्षांच्या वयातली सही होती, भलत्या ऐटीतली, खाली रेघ ओढलेली. अशी सही त्यानं नंतर कधी केल्याचं विल्माला आठवेना. पगाराच्या कागदावर तो नुसतं व आणि ड लिहायचा.

"शेगडी तिथे आहे," वॅट म्हणाला. "जाळलंस तर मी चोर, पण तुझं नाव साफ."

"आणि गिरणी?"

"तुकडा मिळाला तर खोटं उघडं पडणार. नाही मिळाला तर मागणी बुडणार. दोन्हीकडून गेलीच की ती."

विल्मानं बॅनॉक संपवला. मनुक्यांसकट. मग पान आणि तुकडा पिशवीत घातला.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "गुरुवारी दाढी करून ये."

निळा २४

गुरुवारी गिरणीच्या दर्शनी खोलीत आठही विणकर भिंतीला टेकून उभे होते, कारण कर्कबर्नमध्ये कुणाला न सांगता काही होत नाही. फलक खाली उतरवलेला होता. त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता.

तपासनीस बाई उंच, थंड हातांची. विल्मानं तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि ती काही विचारायच्या आत बोलायला सुरुवात केली. वॅट डलग्लीशनं आखलेलं टार्टन, जानेवारी त्रेसष्ट. हे वहीतलं पान. हा हिरवा धागा माझा. रॉकेलच्या दिव्यावर भरलेला. त्यापायी यांची आखणीची खोली गेली आणि मला ते या सोमवारी कळलं.

शेवटचं वाक्य तिनं वॅटकडे बघून म्हटलं. मागून कुणीतरी नाक शिंकरलं.

बाईंनी भिंगातून टोकं पाहिली, मग विल्माचा हात पाहिला. "डावखुऱ्या," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "सतराशे सेहेचाळीसचा कागद मी देऊ शकत नाही. नव्या टार्टनच्या नोंदणीचा अर्ज मात्र आत्ता भरता येईल. आखणारा हयात आहे ना?"

"थोडाफार," वॅट म्हणाला.

गॅव्हिननं आदल्या दिवशीच कॅनडाला फोन करून खरं सांगितलं होतं. विल्मानं त्याला तसं बजावलंच होतं, कान पिळायच्या बेतानं. आता तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"कॅनडाच्या बाईनं दहा ठाणांची सहा केली," गॅव्हिन म्हणाला. "चार विधवेची होती, म्हणाली. पण सहा घेणार. तिनं विचारलं, तो म्हातारा खरंच आहे? म्हटलं, या आणि बघा, रोज अकराला चहाला असतो. हिवाळा निघेल, मावशी. पुढचं पुढे."

फिनेला वही पेन्सिल घेऊन वॅटच्या शेजारी सरकली. सवय जाते थोडीच. "मग रंगांचा अर्थ काय घेऊ? निळा म्हणजे नदी? पांढरा म्हणजे त्या हिवाळ्यातलं बर्फ?"

"गोदामात तेवढेच रंग उरले होते," वॅट म्हणाला. "रस्ते बंद होते, बाई."

भिंतीजवळचे आठही जण हसले.

बाईंनी अर्ज पुढे केला. वॅटनं सही केली. खाली रेघ ओढायला तो विसरला नाही. नावाच्या जागी त्यानं लिहिलं, 'कर्कबर्न जानेवारी'.

"हिरवा धागा काढायचा ना?" बाईंनी विचारलं. "मूळ आखणीत तो नाही."

विल्मा म्हणणारच होती, काढा. वॅटनं तिला बोलू दिलं नाही.

"राहू दे. एका काळ्यात, उभ्यातच. होता तसा. एवढ्या कापडात तेवढाच एक धागा माझा नाही."

"मग त्याचा अर्थ लिहावा लागेल. नोंदीत रिकामी जागा चालत नाही."

वॅटनं पेन विल्माकडे सरकवलं, मनुके सरकवतो तसं. तिनं ते डाव्या हातात घेतलं. खिडकीतून उत्तरेचा सरळ, स्वच्छ उजेड कागदावर पडला होता. चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

तिनं लिहिलं:

*हिरवा, १ धागा. चुकून. — वि. ओ.*